इंजिनिअर व्हावं की कारागीर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा संपवलेली मुलं, त्यांचे पालक आणि एका वाटेवर बरीच वर्षं चालून आता दुसरीकडे बघणारी मोठी माणसं, अशा तिघांकडून हे प्रश्न येत राहतात. 'ट्रेड' हा शब्द इथे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, फिटर, सुतार, गवंडी, क्रेन ऑपरेटर अशा शिकून करायच्या कुशल कामांसाठी वापरला आहे. शिक्षणाचे आणि परवान्याचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून एखादा नियम सांगताना तो कुठला हेही सांगितलं आहे.

१. दोघंही बांधकामावरच असतात. मग इंजिनिअर आणि कारागीर यांच्या कामात नेमका फरक कुठे पडतो?

वस्तू उभी राहण्याआधी तिच्याबद्दल हमी द्यायची, हे इंजिनिअरचं काम. तुळई किती खोल, सळ्या किती आणि कुठे, वारा, भूकंप आणि माणसांचा भार धरून ती किती वाकेल, हे तो कागदावर ठरवतो आणि खाली सही करतो. कारागीर समोर उभ्या असलेल्या वस्तूची हमी देतो: भिंत ओळंब्यात आहे, सांधा गळत नाही, अर्थिंग खरोखर लागलेलं आहे.

त्यामुळे दोघांच्या चुकांची जातही वेगळी. वाकडी भिंत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना दिसते. वेल्डमधली पोकळी फार तर तपासणीत सापडते. भिंतीआड गेलेलं वायरिंग हा अपवाद, म्हणून तर प्लास्टरच्या आधी त्याची तपासणी होते. डिझाइनमधली चूक मात्र वर्षानुवर्षं गप्प बसू शकते, आणि तेच ड्रॉइंग दहा इमारतींना वापरलं असेल तर दहाही ठिकाणी बसलेली असते. कोणत्या प्रकारची चूक अंगावर घेऊन आपल्याला रात्री झोप लागेल, हे पगाराच्या आधी विचारावं. फार कमी जण विचारतात.

२. म्हणजे इंजिनिअर डोक्याने काम करतो आणि कारागीर हाताने, असंच ना?

साइटवर एक दिवस काढलेला माणूस असं म्हणणार नाही. काँक्रीट ओतताना बघा. ते घट्ट वाटलं की मिक्सरमध्ये पाणी ओतायचा मोह होतो. पाणी घातलं की ते भराभर पसरतं, काम लवकर उरकतं. पण सिमेंटच्या मानाने पाणी वाढलं की ताकद घटते. इंजिनिअरने हिशोब मांडलेला असतो तो २८ दिवसांनंतरच्या ताकदीवर. तो हिशोब खरा ठरणार की नाही, हे पाण्याचा पाइप हातात असलेला माणूस ठरवतो. त्याला हे कळत असेल तर तो पाणी न घालता व्हायब्रेटर, म्हणजे काँक्रीट थरथरवून घट्ट बसवणारं यंत्र, नीट फिरवेल, नाहीतर मिश्रण बदलून मागेल. हे डोक्याचंच काम झालं.

जुन्या घरातला अधूनमधून येणारा विजेचा फॉल्ट शोधणं तर निव्वळ तर्काचं काम आहे. उलट, इंजिनिअरच्या दिवसातला मोठा भाग ईमेल, मीटिंग आणि ड्रॉइंगच्या सुधारित प्रती तपासण्यात जातो, आणि त्याला फार प्रतिभा लागते असं म्हणवत नाही.

३. टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट हे लोक मग कुठे बसतात?

मधे. आंतरराष्ट्रीय पातळीवर या पायऱ्या बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. अभ्यासक्रमांना परस्पर मान्यता देण्यासाठी तीन करार झाले: इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, टेक्नॉलॉजिस्टसाठी २००१ चा सिडनी करार आणि टेक्निशियनसाठी २००२ चा डब्लिन करार. ढोबळमानाने या शिक्षणांना चार, तीन आणि दोन वर्षं लागतात. नवा प्रश्न हाताळायचा असेल तर इंजिनिअर, माहीत असलेलं तंत्र मोठ्या कामाला लावायचं असेल तर टेक्नॉलॉजिस्ट, ठरलेल्या पद्धतीने चाचण्या, मोजमाप आणि देखभाल करायची असेल तर टेक्निशियन.

ज्यांना यंत्रंही आवडतात आणि थोडं गणितही, पण दोन्हींपैकी एकाच टोकाला जायचं नाही, त्यांनी ही मधली जागा जरूर बघावी. तिची जाहिरात कोणी करत नाही, एवढंच.

४. शिकायला किती वर्षं लागतात? ट्रेड तर सहा महिन्यांत येतो म्हणतात.

सहा महिन्यांत हत्यारं ओळखता येतात. जर्मनीत शिकाऊ उमेदवारी ट्रेडनुसार दोन ते साडेतीन वर्षांची असते. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत, बाकीचे कामावर. अमेरिकेत इलेक्ट्रिशियनची उमेदवारी साधारण चार ते पाच वर्षं चालते. म्हणजे चांगला इलेक्ट्रिशियन घडायला पदवीइतकाच वेळ लागतो. फरक इतकाच की उमेदवाराला त्या काळात मोबदला मिळतो, विद्यार्थी फी भरतो.

इंजिनिअरचं शिक्षणही पदवीला संपत नाही. स्वतःच्या सहीने डिझाइन देण्यासाठी अमेरिकेत आधी एक परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, मग दुसरी परीक्षा असा रस्ता आहे. परवान्याचं बाकी उत्तर प्रश्न ९ मध्ये.

५. माझं गणित कच्चं आहे. ट्रेड घेतला तर सुटेन का?

गणितातून पूर्ण सुटका नाही, पण गणिताचा प्रकार बदलतो, आणि अनेकांसाठी तेवढं पुरतं. पाया आखताना काटकोन मिळवायला गवंडी तीन-चार-पाचचा त्रिकोण दोरीने मांडतो. पाइप ४५ अंशात बाजूला न्यायचा असेल तर प्लंबर सरकवायच्या अंतराला १.४१४ ने गुणून तिरक्या तुकड्याची लांबी काढतो. इलेक्ट्रिशियनला केबलच्या लांबीवर व्होल्टेज किती पडेल आणि एका पाइपात जास्त केबल कोंबल्या तर त्यांची क्षमता किती कमी धरायची, हे काढावंच लागतं. हे गणित रोज तेच असतं, समोर वस्तू असते, आणि चुकलं तर तुकडा बसत नाही म्हणून लगेच कळतं.

इंजिनिअरिंगचं गणित दुसऱ्या जातीचं. पहिली दोन वर्षं कलनशास्त्र, अवकल समीकरणं, मॅट्रिक्स आणि स्थितिशास्त्र यांची असतात, आणि तिथे बऱ्याच जणांची गळती होते. नोकरीत यातलं बरंचसं सॉफ्टवेअर करतं हे खरं. पण सॉफ्टवेअरने दिलेलं उत्तर दहापट चुकलंय हे ओळखायला ते गणित एकदा हाताखालून गेलेलं असावं लागतं.

"कच्चं" म्हणजे नेमकं काय, हेही तपासा. शाळेत कंटाळा आला म्हणून मागे पडलेलं गणित आणि वर्षभर मन लावूनही न जमलेलं गणित या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भरून निघते.

६. सरळ सांगा, जास्त पैसा कशात?

सरळ उत्तर: सरासरी इंजिनिअर आयुष्यभरात सरासरी कारागिरापेक्षा बहुतेक देशांत जास्त कमावतो. पण सरासरीवर कोणाचं घर चालत नाही.

ट्रेडमध्ये कमाई लवकर सुरू होते, सहसा कर्ज नसतं, ओव्हरटाइम मिळतो. काही वर्षांत रक्कम बरी होते आणि मग बराच काळ तिथेच राहते, कारण हात दोनच आणि दिवसाचे तास ठरलेले. इंजिनिअर उशिरा सुरू करतो, अनेकदा कर्ज घेऊन, आणि पहिली काही वर्षं समवयस्क इलेक्ट्रिशियनच्या मागेच असतो; पण त्याची वाढ पुढे बराच काळ चालू राहते. कारागिराला तो सपाट टप्पा ओलांडायचा तर दोन वाटा आहेत: दुर्मीळ कौशल्य, म्हणजे उच्च दाबाच्या पाइपांचं वेल्डिंग किंवा लिफ्टची दुरुस्ती यांसारखं, नाहीतर स्वतःचा ठेका.

ठेकेदारीबद्दल एक इशारा. उत्तम प्लंबर असलेला माणूस उत्तम ठेकेदार असेलच असं नाही. तिथे अंदाजपत्रक, उधारी आणि माणसं सांभाळणं हेच मुख्य काम होतं. बिलातली काही टक्के रक्कम दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचा काळ, संपेपर्यंत मालक रोखून धरतो, आणि नफा बहुतेक वेळा नेमका तेवढाच असतो. कागदावर फायद्यात असलेले ठेकेदार रोख संपल्यामुळे बुडतात.

मंदीत काय होतं, हेही विचारलं जातं. २००८ च्या मंदीत अमेरिका आणि स्पेनमध्ये बांधकामातल्या नोकऱ्या प्रचंड प्रमाणात गेल्या, आणि त्यात गवंडी होते तसे इंजिनिअरही. नवीन बांधकाम थांबतं तेव्हा देखभाल-दुरुस्ती करणारा सर्वांत शेवटी घरी बसतो, कारण तुंबलेली पाइपलाइन मंदी संपायची वाट बघत नाही.

७. चाळिशीनंतर शरीर साथ देईल का?

ट्रेडवर आणि सवयींवर अवलंबून आहे. फरशी बसवणाऱ्याचे गुडघे, गवंड्याची कंबर आणि वर हात करून काम करणाऱ्यांचे खांदे आधी तक्रार करतात. सतत कंप पावणारी हत्यारं वापरली की बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो आणि थंडीत ती पांढरी पडतात. दगड, काँक्रीट किंवा टाइल कोरडी कापली की सिलिकाची बारीक धूळ उडते. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी मारून कापणं, धूळ ओढणारं यंत्र आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क यांनी तो टळतो. साधा रुमाल बांधून टळत नाही. दिवसभर ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानांना संरक्षण हवंच, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणि बांधकामावरच्या मृत्यूंत उंचीवरून पडणं अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर आहे.

तरुण कारागीर हे ऐकून हसतात. पन्नाशीतले हसत नाहीत.

इंजिनिअरचं शरीर वाचतं असंही नाही. मान, डोळे आणि वजन यांचा हिशोब तिथे वेगळा चालतो. पण गुडघा गेला तरी इंजिनिअरची नोकरी जात नाही, हा फरक मोठा आहे. म्हणून ट्रेड निवडणाऱ्याने तिशीतच पुढची जागा हेरून ठेवावी: फोरमन, तपासनीस, अंदाजपत्रक करणारा, प्रशिक्षक.

८. मला ऑफिसात बसवत नाही. इंजिनिअर होऊन कायम साइटवर राहता येईल का?

येईल, पण साइटवर असणं आणि हाताने काम करणं यात गल्लत करू नका. साइट इंजिनिअर लेव्हल तपासतो, मोजमाप घेतो, उद्याच्या काँक्रीटची ऑर्डर देतो, कामगार कमी आले तर फोन करतो आणि भांडणं सोडवतो. हातात हत्यार क्वचितच येतं. शिवाय बढती मिळत गेली की माणूस हळूहळू केबिनकडे सरकतो. ज्यांना स्वतःच्या हातांनी झालेलं काम बघूनच समाधान मिळतं, ते साइट इंजिनिअर होऊनही अस्वस्थ राहिलेले मी पाहिले आहेत.

९. परवाना कोणाला लागतो? कोणीही स्वतःला इंजिनिअर म्हणवू शकतो का?

कॅनडा आणि जर्मनीत 'इंजिनिअर' हे बिरुद कायद्याने राखीव आहे, पात्रता नसताना ते लावता येत नाही. ब्रिटनमध्ये नुसतं 'इंजिनिअर' कोणीही म्हणवू शकतो, बॉयलर दुरुस्त करणाराही. तिथे 'चार्टर्ड इंजिनिअर' हे बिरुद राखीव आहे. अमेरिकेत लोकांच्या सुरक्षिततेशी संबंधित डिझाइनवर परवानाधारकाचीच सही लागते, पण कारखान्यात उत्पादनाचं डिझाइन करणाऱ्या बहुतेकांना परवाना लागत नाही.

ट्रेडमध्ये वीज, गॅस आणि पाणी यांची कामं बऱ्याच देशांत परवान्याशिवाय करता येत नाहीत. सुतारकाम किंवा रंगकामाला सहसा असं बंधन नसतं. वेल्डरचं प्रकरण वेगळं आहे. तो हे काम करायला पात्र आहे का, हे कामागणिक पाहिलं जातं. सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एकीत पाइप ४५ अंशात तिरका घट्ट बसवलेला असतो आणि वेल्डर त्याच्याभोवती फिरून सांधा पुरा करतो. तिला सिक्स-जी म्हणतात. ही पात्रता कायमची नसते. सहा महिने वेल्डिंगच्या त्या पद्धतीने काम केलं नाही तर प्रचलित मानकांनुसार ती संपते. इंजिनिअरच्या पदवीला अशी मुदत नाही. असायला हवी होती का, हा वादाचा विषय आहे.

१०. ड्रॉइंग एक सांगतं आणि अनुभवी मिस्त्री दुसरंच. ऐकायचं कोणाचं?

मिस्त्रीचं ऐकायचं, आणि बदल करण्याआधी डिझाइनरला लेखी विचारायचं. दोन्ही गोष्टी हव्यात.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले. मूळ ड्रॉइंगप्रमाणे छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड दांडे येणार होते आणि दोन्ही पूल त्या दांड्यांवर आपापल्या नटांवर बसणार होते. एवढ्या लांब दांड्यावर आटे पाडून नट मध्यापर्यंत चढवणं व्यवहारात कटकटीचं होतं. ही अडचण खरी होती, आणि ती लक्षात आली काम करणाऱ्यांच्याच. म्हणून दांड्याचे दोन भाग करायचं ठरलं: वरचा पूल छताला टांगायचा आणि खालचा पूल वरच्या पुलाला. दिसायला मामुली बदल, पण वरच्या पुलाच्या सांध्यावर आता दोन पुलांचं ओझं आलं. मुळात तो सांधा पहिल्या डिझाइनमध्येही नियमापेक्षा कमजोर होता. बदललेल्या सांध्याचं गणित कोणी मांडलं नाही, ड्रॉइंग मंजूर होऊन गेलं. ११४ माणसं दगावली आणि जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले.

"हे असं बसणार नाही" हे मिस्त्रीला आधी कळतं. "असं बसवलं तर भार कुठे जाईल" हे डिझाइनरला कळतं, जर त्याने पाहिलं तर. तोंडी "चालेल हो" यावर कुठलाच बदल करू नका, मग ते कितीही ज्येष्ठ माणसाने म्हटलेलं असो.

११. आधी ट्रेड शिकून, कमावून, मग इंजिनिअरिंग करता येईल का?

येतं, आणि असे इंजिनिअर साइटवर उठून दिसतात. थॉमस टेलफर्ड मेंढपाळाचा मुलगा. दगडकाम शिकत वर आला, १८२० मध्ये ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचा पहिला अध्यक्ष झाला आणि १८२६ मध्ये त्याचा मेनाय झुलता पूल खुला झाला. मात्र त्या काळी इंजिनिअर कॉलेजात नाही, कामावरच घडत असे. आज अनुभवाच्या जोरावर एवढं वर जाणं जवळपास अशक्य आहे, मधे पदवी लागतेच.

रस्ते मात्र आहेत. जर्मनीत 'माइस्टर', म्हणजे उमेदवारीनंतरची वरची परीक्षा देऊन उस्ताद झालेला कारागीर विद्यापीठात प्रवेश घेऊ शकतो, आणि तिथल्या पात्रतांच्या चौकटीत माइस्टर आणि बॅचलर पदवी एकाच, सहाव्या पातळीवर आहेत. ब्रिटनमध्ये २०१५ पासून नोकरी करता करता पदवी देणाऱ्या शिकाऊ योजना आहेत.

अडचण प्रवेशाची कमी आणि गणिताची जास्त (प्रश्न ५). पाच-सहा वर्षं पुस्तकापासून दूर राहिलं की ते गंजतं. ही वाट पक्की असेल तर उमेदवारीच्या काळातही आठवड्यातून काही तास गणिताला द्या. दुसरी अडचण, हातात खेळणारा पैसा सोडून पुन्हा विद्यार्थी होणं. बहुतेक जण तिथेच थांबतात.

१२. पदवी झाली, पण मन लागत नाही. आता वेल्डिंग किंवा वायरिंग शिकलं तर लोक वेड्यात काढतील का?

काही काढतील. त्याहून खरी अडचण ही की तुमच्यापेक्षा लहान मुलाच्या हाताखाली झाडू मारण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि काही काळ उत्पन्न घटेल. हे पचत असेल तर पदवी वाया जात नाही. ड्रॉइंग वाचणारा, मानकं समजणारा, हिशोब लिहून देणारा कारागीर ठेकेदार म्हणून लवकर पुढे जातो.

आधी एक तपासा: नकोसं नेमकं काय झालंय? इंजिनिअरिंग, की आत्ताची कंपनी? दुसरं असेल तर वेल्डिंग हा फार महागडा उपाय आहे. टेस्टिंग, कमिशनिंग (नवी यंत्रणा तपासून चालू करून देणं) किंवा देखभाल विभागात बदली घेऊन बघा. तिथे यंत्राला हात लागतो.

१३. परदेशात जायचं असेल तर कशाला मागणी जास्त?

मागणी दोन्हीला असते, अडथळे वेगळे असतात. इंजिनिअरच्या पदवीला वर सांगितलेल्या करारांमुळे (प्रश्न ३) ओळख मिळते, पण सहीचा अधिकार त्या देशाच्या किंवा प्रांताच्या संस्थेकडून नव्याने मिळवावा लागतो. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरना तिथल्या नियमांची परीक्षा पुन्हा द्यावी लागते, कारण वायरचे रंग, व्होल्टेज आणि पाइपांची मापं सगळंच बदलतं. कॅनडात तर प्रांत बदलला तरी हा प्रश्न येतो. तो सुटावा म्हणून तिथे 'रेड सील' ही देशभर मान्य परीक्षा आहे. कागदपत्रांत कामाच्या तासांची नोंद आणि मालकाची सही नसेल तर कौशल्य असूनही अडकतं. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

१४. एआय आणि रोबो आधी कोणाचं काम खाणार?

माझा अंदाज विचाराल तर ऑफिसातल्या नवख्याचं. ड्रॉइंग काढणं, मालाचे आकडे काढणं, नेहमीच्या तुळयांचं गणित ही कामं सॉफ्टवेअरकडे कधीच सरकू लागली आहेत. सही माणसाचीच राहील, पण त्या सहीपर्यंत पोचायच्या खालच्या पायऱ्या कमी होतील, आणि मग नवे लोक शिकणार कुठे, हा प्रश्न उरतो.

विटा रचणारी यंत्रं आली आहेत. सरळ, लांब, नव्या भिंतीवर ती चालतात. जुन्या इमारतीच्या शाफ्टमध्ये अंग चोरून शिरायचं, गंजलेला नट न मोडता सोडवायचा, मागे काय आहे ते बोटांनी ओळखायचं, हे यंत्राला अजून फार जड जातं. कारखान्यात एकसारखे सांधे जोडणारा वेल्डर मात्र यात धरू नका. त्याची जागा रोबोने बऱ्याच वर्षांपूर्वी घ्यायला सुरुवात केली.

१५. मुलींनी ट्रेडमध्ये यावं का?

काम जमण्याचा प्रश्न नाही. जड ओझं आता यंत्रं उचलतात आणि वायरिंग, वेल्डिंग, पॅनेल जोडणी यांत अचूकपणा लागतो. अडचणी साइटच्या असतात: स्वच्छतागृह, सुरक्षित प्रवास, आणि पुरुषांच्या मापाचा सेफ्टी हार्नेस. सैल हार्नेस पडताना धरत नाही, तेव्हा आपल्या मापाचा मागणं हे नखरे नाहीत. रुजू होण्याआधी या तीन गोष्टी स्पष्ट विचारा. उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर दुसरी जागा बघा.

१६. मला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही, आणि उंचीचीही भीती वाटते. दोन्ही वाटा बंद?

नाही. रंगाची अडचण रेल्वे सिग्नलसारख्या कामांत आडवी येते आणि तिथे तपासणी कडक असते. वायरिंगमध्ये ती किती गंभीर हे दृष्टिदोषाच्या तीव्रतेवर आणि त्या देशाच्या नियमांवर आहे. अनेक देशांत अर्थची वायर हिरवी-पिवळी पट्टेदार असते, त्यामुळे ती पट्ट्यावरून ओळखता येते. आणि टेस्टर लावल्याशिवाय कुठल्याही वायरवर विश्वास ठेवायचा नसतो, नजर कितीही चांगली असली तरी. नाव नोंदवण्याआधी डोळ्यांची तपासणी करून घ्या, उमेदवारी अर्धी झाल्यावर नको. सुतारकाम, प्लंबिंग, मशिनिंग आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांत याने फारसं बिघडत नाही.

उंचीची थोडी भीती असलेली बरी. ती सरावाने कमी होते, आणि मुळीच न घाबरणारा माणूस हार्नेस अडकवायला विसरतो. पण वर गेल्यावर हातपाय लटपटत असतील तर वर्कशॉपमधलं फॅब्रिकेशन, पॅनेल वायरिंग, सीएनसी (संगणकाने चालणारं) मशिन चालवणं अशी जमिनीवरची कामं निवडा. चक्कर किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र उंचीचं आणि क्रेनचं काम टाळा, आणि तो त्रास मालकापासून लपवू नका.